नव्या घरबांधणीला वर्षभराची स्थगिती: अर्जावर सही करण्यापूर्वी

आपला प्रश्न मला समजला तो असा. बडोद्याच्या कारेलीबागेतील आपल्या सोसायटीत जुलै २०१९ च्या अखेरीस पाणी शिरले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते पुन्हा आले ते आधीपेक्षा वर चढले. आसपासच्या काही सोसायट्या आता महानगरपालिकेच्या सभेपुढे अर्ज ठेवणार आहेत की, पूरनिवारणाची कामे पुरी होईपर्यंत शहरात नव्या घरबांधणीला एक वर्ष परवानगी देऊ नये. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांनी तो चर्चेला आणण्याचे कबूलही केले आहे. आपल्याला मागणी पटते; परंतु आपल्या चिरंजीवांनी शहराच्या कडेच्या भायलीत फ्लॅट नोंदवला आहे, आणि मुलाच्याच घराविरुद्ध आपण सही करत आहोत की काय, अशी शंका आपल्याला आहे.

मी बडोद्यात ३१ वर्षे नगररचनेचे काम केले. सुरुवात सर्व्हेअर म्हणून, दुर्बीण आणि मापाची काठी घेऊन शेताशेतांतून हिंडण्यात झाली. पुढे टीपी स्कीमचे, म्हणजे एखाद्या भागातील जमिनी एकत्र करून रस्ते-बागांसह नव्याने वाटण्याच्या योजनेचे, आराखडे केले, बांधकाम परवानगीचे, म्हणजे आपण बडोदेकर जिला रजाचिठ्ठी म्हणतो तिचे, अर्ज भरूनही दिले आणि तपासूनही दिले. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंनी ही गोष्ट कशी दिसते हे मला ठाऊक आहे. माझे मत आधीच सांगतो: आहे त्या स्वरूपात अर्ज आला तर मी सही करणार नाही, आणि थोडा बदलला तर पहिली सही माझी असेल. तो बदल कोणता, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या मागणीत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नव्या घरांमुळे आपल्याकडचा पूर वाढतो का, हा एक. आणि परवानग्या थांबवल्याने तो कमी होईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की दुसऱ्याचेही ‘हो’च येणार, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, वाटेत सूर्या नदी तिला मिळते, शहराच्या मधोमध वळणे घेत ती दक्षिणेला जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. वरच्या अंगाला आजवा तलाव आहे, जो सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. शिवाय प्रतापपुरा तलाव आहे. तेव्हा आपल्या दारात आलेल्या पाण्यात काही भाग या वरच्या पाणलोटाचा असतो, काही शहरावरच पडलेल्या पावसाचा असतो, आणि काही भाग असा की जो खाली वाहून जायला हवा होता पण पुढे तुंबल्यामुळे थांबून राहिला. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला, तेव्हा दुसरा भाग प्रमुख होता. २०२४ मध्ये काळा घोडा पुलाशी, जिथे धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते, नदी ३५ फुटांच्याही वर गेली. तेव्हा नदीने स्वतःच शहरात पाऊल टाकले. नदी इतकी भरली की कांस, म्हणजे पावसाचे पाणी नदीपर्यंत नेणारे आपले मोठे उघडे नाले, उलटे वाहू लागतात. छाणी-निझामपुऱ्याकडून येणारी भूखी कांस ज्यांच्या घरामागून जाते त्यांना हे मी सांगायला नको.

यात नव्या घरांचा वाटा कुठे येतो? डोंगरात पडलेल्या पावसाला भायलीतील इमारत जबाबदार नाही. परंतु शहरावरचा पाऊस पूर्वी शेतात मुरत असे, तो आता सिमेंटवरून तासाभरात कांशीत येतो, हा एक परिणाम झाला. दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी सभेत कोणी बोलत नाही: तो म्हणजे भराव. विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना कोतरे आहेत, पावसाने कोरलेल्या खोल घळी. दिसायला ती ओसाड, बाभळींनी भरलेली. पण पुरात नदीचे पाणी तिथे शिरून बसते आणि मग हळूहळू परत जाते. कोतर भरले की ते पाणी कुठेतरी दुसरीकडे बसायला जागा शोधते. त्यातच प्रत्येक नवी स्कीम शेजारच्या रस्त्यापेक्षा आपला प्लिंथ, म्हणजे जोते, उंच घेते, आणि आपले पाणी आपण आत येऊ देणार नाही एवढी व्यवस्था करते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सोसायट्या तेव्हाच्या रस्त्याच्या पातळीवर बांधल्या गेल्या. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, भोवतालचे प्लॉट उंच झाले, आणि आपला बंगला जागचा न हलता खड्ड्यात गेला.

माझ्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. शहराच्या पश्चिमेला एका शेताचा सर्व्हे करताना माझ्या नकाशावर सपाट जमीन होती. ७/१२ च्या उताऱ्यातही नाल्याचा उल्लेख नव्हता. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने गुजरातीत मला एवढेच विचारले की, भाई, पावसात इथे उभे राहून पाहिले आहेस का? मी उन्हाळ्यात गेलो होतो. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या ‘सपाट’ जमिनीतून गुडघाभर पाणी वाहत होते, अगदी शिस्तीत, जणू आखून दिलेल्या वाटेने. त्या वर्षापासून मी कोणताही लेव्हलचा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा, नकाशा पावसाळ्यातील एका फेरीशिवाय अंतिम मानला नाही. पुढे त्याच भागात माझ्या नकाशाकडे दुर्लक्ष करून भराव झाला. आज तिथे कोणाच्या पार्किंगमध्ये पाणी भरते ते मी पाहतो, पण ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे रजाचिठ्ठ्या थांबवल्याने काय होईल.

पहिली गोष्ट, पुढील दोन-तीन वर्षांत जी घरे उभी राहताना आपल्याला दिसतील त्यांतील बहुतेकांना परवानगी आधीच मिळालेली असते. आज स्थगिती लागू केली तरी क्रेन थांबणार नाहीत, मिक्सर थांबणार नाहीत, भरावाचे डंपर तर मुळीच थांबणार नाहीत. दुसरी गोष्ट, स्थगितीची नुसती चर्चा सुरू झाली की अर्जांचा लोंढा येतो. नियम बदलणार अशी कुजबुज झाली की आमच्या कार्यालयातील दिवे रात्री अकरापर्यंत जळत असत. अर्धवट नकाशे, घाईने घेतलेल्या सह्या, ‘आधी दाखल करा, मग दुरुस्त करू’ असा सारा प्रकार. ज्याच्याकडे तयार यंत्रणा आहे तो बिल्डर त्या घाईत आपले काम उरकून घेतो. अडकतो तो एकाच प्लॉटवर स्वतःचे घर बांधू पाहणारा निवृत्त शिक्षक, आणि दाहोद-पंचमहालातून कामाला आलेला मजूर, ज्याच्या हाताला पुढच्या हंगामात काम नसते.

तिसरी गोष्ट भूगोलाची. सभेचा ठराव महानगरपालिकेच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर वुडाचे, म्हणजे वडोदरा नागरी विकास प्राधिकरणाचे, क्षेत्र आहे, आणि त्यातील बराचसा भाग नदीच्या व तिच्या उपनद्यांच्या वरच्या अंगाला आहे. शहरात दार बंद केले की घरे सावली रोड, वाघोडिया रोड, दुमाड अशा बाजूंनी सरकतील, आणि तिथल्या छपरांचे पाणी शेवटी आपल्याकडेच येईल. वुडाशिवाय घातलेली बंदी पूर कमी करण्याऐवजी त्याचा उगम थोडा वर सरकवील, असे मला वाटते.

कायद्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण सभेत भाषणे झाली म्हणजे निर्णय झाला असा समज असतो. आपल्याकडे परवानगी १९७६ च्या गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियमाखाली दिली जाते. अर्ज नाकारायचा तर विकास आराखडा किंवा नियमावलीत त्याला आधार लागतो, आणि कलम २९ प्रमाणे तीन महिन्यांत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे ‘वर्षभर फायली बाजूला ठेवा’ असा तोंडी किंवा ठरावी आदेश कोर्टात टिकणे कठीण आहे. नियमावली किंवा आराखडा बदलायचा अधिकार शेवटी राज्य सरकारचा आहे. सभेचा ठराव ही शिफारस होते. तिला वजन असते, पण ती रजाचिठ्ठीच्या खिडकीला कुलूप लावू शकत नाही.

अशा बंद्या देशात झालेल्या नाहीत असे नाही, परंतु बहुतेक वेळा त्या न्यायालयांनी घातल्या. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आणि २०१६ मध्ये मुंबईत कचऱ्याच्या विल्हेवाटीवरून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना रोखले. २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पाण्याच्या तुटवड्यावरून तसेच झाले. मुंबईतील बंदी पुनर्विकासाला लागू नव्हती, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सशर्त शिथिल केली. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर कचरा पडणे मात्र त्या दोन वर्षांत थांबले नव्हते. बंगळूरला २०१९ मध्ये पाण्याच्या कारणावरून पाच वर्षे नव्या अपार्टमेंटांना परवानगी देऊ नये असा विचार सरकारातूनच पुढे आला, आणि तो प्रत्यक्षात आलाच नाही.

मला यांपेक्षा अधिक शिकवणारे उदाहरण अमेरिकेतील रामापो या न्यूयॉर्क राज्यातील गावाचे वाटते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वस्ती झपाट्याने वाढू लागली. त्यांनी सरसकट बंदी न घालता १८ वर्षांच्या सार्वजनिक कामांचा कार्यक्रम आखला, आणि सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा, रस्ते, उद्याने व शाळा, अग्निशमन केंद्र यांची उपलब्धता पाहून प्रत्येक जागेला गुण दिले. ठरलेले १५ गुण झाले की परवानगी. कमी पडले तर थांबा, किंवा ती सोय स्वतःच्या खर्चाने करा. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. पुढे २००२ मध्ये लेक टाहो परिसरातील ३२ महिन्यांच्या स्थगितीचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने म्हटले की तात्पुरती स्थगिती म्हणजे आपोआप जमीन हिरावून घेणे नव्हे. परिस्थिती पाहून ठरवावे लागेल. या दोन्ही ठिकाणी थांबण्याच्या काळात काय करायचे हे आधी लिहिलेले होते. आपल्या अर्जात ‘पूरनिवारणाची कामे’ एवढेच आहे. कोणती कामे, कोणी करायची, पुरी झाली हे कोण सांगणार, याबद्दल एक ओळही नाही. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. उद्या कोणी म्हणाले की कामे झाली, तर आपण कोणत्या कागदावर बोट ठेवणार?

आपल्याच कायद्यात थांबण्याची एक सोय आहे, आणि ती पूर्ण कायदेशीर आहे, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. एखाद्या भागासाठी टीपी स्कीम करण्याचा इरादा जाहीर झाला की त्या भागात परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, आणि मसुदा ९ महिन्यांत, मुदतवाढ धरून १२ महिन्यांत, तयार करायचा असतो. या काळात जमिनी एकत्र धरल्या जातात आणि नव्याने वाटल्या जातात. कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मोकळ्या जागांसाठी ५, सामाजिक सोयींसाठी ५ आणि विक्रीसाठी १५ टक्के जमीन घेण्याची तरतूद आहे. याची खरी गंमत अशी की, ज्याचे शेत सखल कोतरात आहे त्याला फायनल प्लॉट, म्हणजे नव्या वाटपात मिळणारा प्लॉट, उंचावर देता येतो, आणि ते कोतर मोकळ्या जागेच्या हिशेबात नदीसाठी राखता येते. कोणाची जमीन बुडत नाही, कोणाचा मोबदला अडत नाही. प्रत्यक्षात मात्र बाग कुठे टाकली जाते? जिथे प्लॉट नीट बसत नाही त्या उरलेल्या त्रिकोणात. मी स्वतः असे दोन त्रिकोण काढले आहेत, हे कबूल करतो. तेव्हा लेव्हलच्या नकाशापेक्षा मालकांच्या बैठकीचे दडपण मोठे होते.

म्हणून अर्जात बदल सुचवतो. ‘शहरात’ हा शब्द काढावा आणि त्या जागी नदी, कोतरे व मुख्य कांशींच्या लगतचे, २०१९ किंवा २०२४ मध्ये पाण्याखाली गेलेले प्लॉट असे लिहावे. या दोन्ही पुरांच्या खुणा अजून भिंतींवर आहेत आणि सोसायट्यांनी त्या स्वतः मोजून नकाशावर मांडल्या तर अर्जाला दहापट बळ येईल. त्या भागात नव्या रजाचिठ्ठीबरोबरच मातीचा भरावही थांबवावा, अगदी आधी परवानगी मिळालेल्या जागांवरसुद्धा, जोपर्यंत जमिनीची मूळ पातळी नोंदली जात नाही. माझ्या मते संपूर्ण अर्जातील हीच सर्वांत उपयोगाची मागणी ठरेल. प्लिंथ तपासणीला अधिकारी येतात तेव्हा ते भिंतींची मापे घेतात. त्यांनी रस्त्याच्या मधोमधच्या पातळीशी प्लिंथची तुलना लिहावी आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने बाहेर पडते ते नोंदवावे. नदीपासून सोडायचे अंतर नियमावलीत आहेच, पण ते भराव करून पुढे ढकललेल्या काठापासून मोजायचे की मूळ काठापासून, हे स्पष्ट मागावे. विश्वामित्रीच्या संरक्षणासाठी व सीमांकनासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये आदेश दिलेले आहेत. सभेने नवे काही शोधण्यापेक्षा त्यांची अंमलबजावणी कुठवर आली याचा अहवाल टेबलावर ठेवावा, अशी मागणी नाकारणे कोणत्याही पक्षाला जड जाईल. स्थगितीची मुदत वर्षाने मोजण्याऐवजी या नोंदी पूर्ण होण्याशी बांधावी, आणि वर एक कमाल मर्यादा घालावी, म्हणजे ती कायमची होणार नाही. ठराव वुडाकडेही पाठवावा.

हे सारे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवे. आपल्या सोसायटीत पाणी कांशीतून उलटे आले असेल तर वरच्या अंगाच्या भरावापेक्षा कांशीच्या तोंडाशी झडप आणि पंप हे उत्तर जवळचे आहे. ते रस्त्यावरून आले असेल तर गोष्ट वेगळी. शेजारच्या वयस्कर मंडळींना विचारा की २०२४ मध्ये पाणी आधी संडासाच्या भांड्यातून आले, गटाराच्या चेंबरमधून आले, की फाटकातून आत आले. या एका उत्तरावरून मी पुष्कळ काही सांगू शकेन.

आता आपल्या चिरंजीवांच्या फ्लॅटबद्दल. भायली २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले, तेव्हा सभेचा ठराव तिथे लागू होऊ शकतो. परंतु त्यांच्या इमारतीची रजाचिठ्ठी आधीच निघालेली असेल आणि ठरावात ‘नव्या अर्जांना’ असे शब्द असतील तर त्यांचे काम थांबण्याचे कारण नाही. अर्जाच्या मसुद्यात ‘बी.यू.’चा, म्हणजे वापर परवानगीचा, उल्लेख येऊ देऊ नका. ती अडवली तर पूर्ण झालेल्या इमारतीत लोक राहायला जाऊ शकत नाहीत आणि पुराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. रेरा कायद्यात मुदतवाढीसाठी पूर, भूकंप, युद्ध अशी कारणे मोजलेली आहेत आणि त्यांत सरकारी स्थगिती थेट येत नाही; बिल्डरचा दोष नसेल तर प्राधिकरण जास्तीत जास्त एक वर्ष वाढवून देऊ शकते. ताबा मुदतीत मिळाला नाही तर कलम १८ खाली व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, तेव्हा चिरंजीवांनी आतापर्यंत किती दिले आणि करार झाला आहे का, हे आधी पाहावे.

आणि बिल्डरकडे एक कागद मागावा जो सहसा कोणी मागत नाही: मंजूर नकाशासोबतचा लेव्हलचा नकाशा, ज्यावर समोरच्या रस्त्याची, प्लिंथची आणि तळघरातील पार्किंगच्या उताराच्या माथ्याची पातळी लिहिलेली असते. उताराचा माथा रस्त्यापेक्षा खाली असेल, तर फ्लॅट पाचव्या मजल्यावर असला तरी गाडी आणि लिफ्टचे यंत्र पाण्यात जाईल. तो कागद मिळाला की त्यातील तिन्ही आकडे आणि जवळची कांस कोणत्या दिशेला आहे एवढे मला कळवा. पुढचे मी पाहून सांगतो.